दांडी कोणी काढली? हॉरर गेमसाठी अबोल, अपराधी नायक घडवताना

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग थांबले की माणसं जागी होतात. रात्रभर गल्लीतल्या कारखान्यांतून खटाखट चालू असते आणि त्या ठेक्यावर तान्ही पोरंसुद्धा गाढ झोपतात. लाइट गेली की सगळे माग एकदम बंद पडतात. मग अंधारात कोणी खोकतं, कोणी कडी काढतं, कोणी विचारतं, "काय झालं बे?" मी हॉरर गेम करायला घेतला तेव्हा पहिला महिनाभर राक्षसांची चित्रं काढत होतो. अशाच एका रात्री लाइट गेली, मी अंथरुणात उठून बसलो, आणि सगळी चित्रं दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवली.

एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून छोटा हॉरर गेम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातही ज्यांना एक शब्द न बोलणारा, मनावर ओझं घेऊन फिरणारा नायक उभा करायचाय, त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून मी माझ्याच गेममधला अंबादास घेणार आहे. तो पूर्णपणे काल्पनिक आहे. ओघात 'सायलेंट हिल २', 'डेड स्पेस', 'ओमोरी' आणि 'डिटेन्शन' या गेमची रहस्यंही उघड होतील. ते खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या, हा लेख कुठे पळून जात नाही.

पहिली पायरी: घशात अडकलेलं वाक्य लिहून काढा

अबोल नायक म्हणजे रिकामा नायक असा समज फार पसरलेला आहे. नायक गप्प असला की खेळणारा त्याच्या जागी स्वतःला बघतो, म्हणून नायकाला काही मतच देऊ नका, असं सांगितलं जातं. साहसी गेममध्ये ते चालून जातं. अपराधी नायकाच्या बाबतीत मात्र ते मुळीच चालत नाही, कारण हा माणूस गप्प आहे तो काहीतरी सांगायचं टाळतोय म्हणून. ते 'काहीतरी' तुम्हाला शब्दांत माहीत पाहिजे.

म्हणून कोड, नकाशा, चित्रं यांच्या आधी एक कागद घ्या आणि नायकाला जे बोलता येत नाही ते एकच वाक्य लिहा. मोजक्या शब्दांत. "मी वाईट माणूस आहे" हे वाक्य उपयोगाचं नाही, त्यात घटना नाही. "आईकडे लक्ष दिलं नाही" हेही अजून धुरकट आहे. "आईचा फोन वाजत होता आणि मी तो पालथा ठेवला", इथे मात्र हात दिसतो, वस्तू दिसते, क्षण दिसतो.

अंबादासचं वाक्य आहे: "दांडी मी काढली होती."

हे वाक्य कळायला मागाची थोडी माहिती लागते. साध्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जातो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असलेला, हातात घेतला तर चांगला जड. कधी कधी तो मार्ग सोडून बाहेर उडतो. तो अडावा म्हणून मागाला पुढून एक लोखंडी दांडी बसवलेली असते. पण तुटलेला धागा जोडताना ती हाताच्या आड येते, आणि मजुरी कापडाच्या मापावर असली की धागा जोडण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट अंगावर येतं. अंबादासने रात्रपाळीत चार नंबरच्या मागाची दांडी काढून ठेवली. पहाटे धोटा उडाला आणि धाग्याच्या कांड्या घेऊन आलेल्या त्याच्याच धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या डोळ्याला लागला. मालकाने सगळ्यांना उभं करून विचारलं, "दांडी कोणी काढली?" अंबादास खाली बघत राहिला. ठपका जॉबरवर आला, कारण मागाची दुरुस्ती त्याच्याकडे. जॉबरचं काम गेलं, त्याने गाव सोडलं.

बघा, अंबादासच्या हातून दोन गोष्टी झाल्या. दांडी काढणं ही चूक होती, आणि ती चूक शेकडो जण करतात. गप्प राहणं हा अपराध. म्हणजे त्याचं अबोल असणं हे गेमच्या सोयीसाठी चिकटवलेलं नाही, गुन्हाच तो आहे. तुमच्या नायकाच्या बाबतीतही हा सांधा जुळतो का ते तपासा. मौन आणि अपराध दोन वेगळ्या खोल्यांत राहत असतील, तर नायक नुसता मुका वाटेल.

आणखी एक. गुन्हा खुनाएवढा मोठा असायलाच हवा असं नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात सुनंदा मरत होती. नंतर मी तिला जिवंत ठेवलं. ती एका डोळ्याने बघते, भावाला जेवायला वाढते आणि जॉबरला मनातून माफ केल्याचं सांगते. मेलेल्या माणसाचं भूत करता येतं. समोर बसून भाकरी वाढणाऱ्या माणसाचं काय करायचं?

दुसरी पायरी: मौनाचा प्रकार ठरवा

कोणाला बोलता येत नाही, कोणाला बोलू दिलं जात नाही, कोणी बोलत नाही. तिन्ही वेगळे. तुमचा कुठला ते आधी ठरवा, कारण आजूबाजूची माणसं त्याप्रमाणे वागतात.

२००८ च्या 'डेड स्पेस'मध्ये आयझॅक क्लार्क एक शब्द बोलत नाही. फक्त श्वास, बुटांचा आवाज आणि मार लागल्यावरचं कण्हणं. ज्या प्रेयसीला, निकोलला तो शोधतोय ती आधीच मेलेली आहे, आणि तिने पाठवलेला निरोप त्याने शेवटपर्यंत बघितलेला नाही, हे खूप उशिरा कळतं. २०११ च्या दुसऱ्या भागात तो बोलतो आणि तिच्या मृत्यूचं ओझं उघड होतं. दोन्ही भाग पाठोपाठ खेळले तर त्याच माणसाचं मौन आणि बोलणं शेजारी ठेवून बघता येतं. २०२० च्या 'ओमोरी'मधला सनी बहिणीच्या मृत्यूनंतर चार वर्षं घरात कोंडून घेतो आणि रंगीबेरंगी स्वप्नात राहतो. त्याचं मौन हे लपणं आहे. चांगल्या शेवटात तो मित्रांना काहीतरी सांगायचंय असं म्हणतो आणि गेम तिथेच थांबतो. कबुली ऐकू येत नाही, तरी ती झाली हे आपल्याला कळतं.

'सायलेंट हिल २' (२००१) मधला नायक जेम्स अबोल नाही. तो भरपूर बोलतो, फक्त खरं तेवढं सोडून. तरीही अपराधी नायक लिहिणाऱ्याने तो खेळायलाच हवा. बोलणाऱ्या माणसाचंही मौन असतं हे तिथे शिकायला मिळतं.

स्मृती गेलेला नायक हा चौथा प्रकार, आणि तो टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. तो फार वापरून झालाय. शिवाय विसरलेल्या माणसाला अपराध टोचत नाही. अंबादासला सगळं आठवतं. आठवत नाही ते खेळणाऱ्याला.

तिसरी पायरी: ओझं हातात द्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

पहिल्या प्रयत्नात मी अंबादासची वही ठेवली होती. दर खोलीत एक पान, पानावर पश्चात्ताप. मावसभावाला खेळायला बसवलं. त्याने तीन पानं वाचली आणि पुढची सगळी न वाचता बटण दाबत गेला. मला राग आला, पण चूक माझी होती. बोलू न शकणारा माणूस वहीत इतकं घडाघडा बोलत असेल तर तो गप्प कुठे आहे?

वही काढली आणि तिच्या जागी एकच वस्तू दिली: लोखंडी दांडी. गेम सुरू होतो तेव्हाच ती अंबादासच्या पिशवीत असते. टाकता येत नाही, कुठे ठेवता येत नाही. तिच्यावर 'बघा' दाबलं तर एकच ओळ येते: "दांडी." आणि ही दांडी फार उपयोगी आहे. अडकलेलं शटर तिने उचकटता येतं, खिळलेली फळी निघते, बंद पेटीचं कुलूप तुटतं. खेळणारा तासभर तिच्यावर विसंबून पुढे जातो. ती मुळात कुठली आहे हे कळतं तेव्हा हातातली वस्तूच बदलते. प्रत्येक वेळी वापरताना ती लोखंडावर वाजते, आणि तो आवाज अंधारात कोणाला तरी ऐकू जातो.

तुमच्या गेमसाठीही अशी वस्तू शोधा. घटनेच्या वेळी नायकाच्या हातात किंवा हाताशी काय होतं? ती वस्तू त्याच्याकडे द्या आणि तिच्यावाचून पुढे जाताच येणार नाही असं करा.

मग शरीर. तोंड बंद असलं की बाकी अंग बोलतं. अंबादास कुठल्याही दाराला लगेच हात लावतो, पण धोट्याला हात लावताना अर्धा सेकंद थबकतो. अर्धाच, त्याहून जास्त केलं तर खेळणाऱ्याला बटण बिघडल्यासारखं वाटतं. चार नंबरच्या मागासमोर कॅमेरा आपोआप दोन-तीन अंश बाजूला सरकतो. खेळणारा तो परत ओढून मागाकडे बघू शकतो, पण त्याला ओढावं लागतं. सुनंदाशी समोरासमोर असताना अंबादासची नजर तिच्या हातांवर असते. तिचा चेहरा पूर्ण दिसतो तो शेवटच्या प्रसंगात. हे सगळं करायला ॲनिमेशनचं मोठं ज्ञान लागत नाही, थोडी आकडेमोड लागते आणि खूप वेळा खेळून बघावं लागतं.

चौथी पायरी: इतरांना बोलू द्या

नायक गप्प असला की समोरची माणसं ती पोकळी भरतात, आणि कशाने भरतात त्यावरून नायक कळतो. संवाद लिहिताना नायकाच्या वाट्याच्या ओळी आधी कागदावर लिहा, मग खोडा. उरलेलं वाचून बघा. सुनंदाचा एक प्रसंग असा उरला:

"आलास? बस. दार लावून घे, डास येलालेत."

"..."

"भाकरी गार झाली. शेंगाचटणी आहे, दही आहे."

"..."

"परवा स्वप्नात जॉबरमामा आले होते. मी म्हटलं, मामा, जाऊ द्या आता. तुम्ही काय मुद्दाम केलंत का." ती पाण्याचा तांब्या पुढे सरकवते, पण अंदाज चुकतो आणि तांब्या ताटाला लागतो. "बघ, अजून सवय नाही झाली."

तांब्या ताटाला लागण्याचा आवाज मी मुद्दाम मोठा ठेवलाय. अपराधाचं नाव कोणी घेतलं नाही, तरी खेळणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं.

भाषेकडेही लक्ष द्या. पूर्व भागात घराच्या आत तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदीही कानावर पडते. माझ्या गेममध्ये भिंतीपलीकडून येणारे आवाज तेलुगूत आहेत आणि त्यांना मराठी मजकूर दिलेला नाही. सोलापूरकर खेळाडू अर्धं ओळखतो, बाहेरचा नुसता सूर ऐकतो. दोघांनाही आपल्याबद्दल कोणीतरी बोलतंय असं वाटतं. तुमच्या गावातही असे आवाज असतीलच.

पाचवी पायरी: जागा आणि भूत, दोन्ही गुन्ह्यातून काढा

तैवानच्या रेड कँडल गेम्सने २०१७ मध्ये 'डिटेन्शन' काढला. तो १९६० च्या दशकातल्या तैवानमधल्या शाळेत घडतो, दडपशाहीच्या काळात, आणि तिथल्या विद्यार्थिनीच्या एका कृतीमुळे तिच्या ओळखीची माणसं पकडली गेलेली असतात. बाहेरून उसना आणलेला वाडा नाही, धुकं नाही. स्वतःची शाळा, स्वतःचा इतिहास, स्वतःच्या देवळातले विधी. तो खेळल्यावर मी विलायती हवेलीचा नकाशा पुसला आणि पत्र्याच्या छताखालचा, आठ मागांचा कारखाना काढला.

जागा लहान ठेवा आणि पुन्हा पुन्हा तिथेच आणा. अंबादास कारखान्यात चार वेळा येतो. पहिल्यांदा आठ माग आहेत. दुसऱ्यांदाही आठच, पण चार नंबरचा माग दाराच्या जवळ सरकलेला. तिसऱ्यांदा सगळ्या मागांवर चारच आकडा. चौथ्या वेळी एकच माग, आणि त्यावर अर्धी विणलेली चादर, जिची नक्षी डोळ्यासारखी दिसते की फुलासारखी ते नक्की सांगता येत नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर बनते, ठोकळ्या-ठोकळ्यांची असते, म्हणून हे साधणं सोपं गेलं. छोट्या टीमला दहा जागा बनवण्यापेक्षा एक जागा चारदा बदलणं परवडतंही.

आता भूत. 'सायलेंट हिल २'मधला पिरॅमिड हेड हा राक्षस भीतिदायक आहे कारण तो जेम्सला हवा असलेला शिक्षा देणारा आहे. दुसऱ्या कोणाच्या गोष्टीत तो उचलून ठेवला तर नुसता मोठी तलवार घेतलेला माणूस उरतो. दुर्दैवाने तसं बऱ्याचदा झालंय. तुमचं भूत दुसऱ्या गेममध्ये जसंच्या तसं चालणार असेल तर ते अजून तयार झालेलं नाही.

माझ्याकडे जॉबर आहे. हातात पाना, पाठ वाकलेली. तो अंबादासच्या मागे धावत नाही. तो एकेका मागापाशी जातो, पुढून हात फिरवतो, दांडी चाचपतो, सापडली नाही की पुढच्या मागाकडे वळतो. दांडीचा आवाज ऐकला की तो थांबतो आणि त्या दिशेने येतो. तो शत्रू नाही, त्याला त्याची वस्तू हवीये. खेळणाऱ्यांना त्याची भीती वाटते आणि कणवही येते, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

इथे एक विनंती. खऱ्या अपघातांच्या बातम्या उचलून गेम करू नका. त्या माणसांची घरं अजून इथेच आहेत. कामाची पद्धत, यंत्र, मजुरी यांची माहिती कामगारांकडून घ्या, घटना मात्र स्वतःची रचा.

सहावी पायरी: आवाज

साध्या मागावर धोटा मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे वेळा फेकला जातो. घाबरलेल्या माणसाच्या छातीचे ठोकेही त्याच घरात असतात. हे लक्षात आल्यावर मी हृदयाचा वेगळा आवाज काढून टाकला. भीती वाढते तसा दूरचा माग वेग घेतो.

रेकॉर्डिंग मोबाइलवर होऊ शकतं, पण कारखान्याच्या आत करू नका. आत इतका दणका असतो की आवाज फाटतो. मालकाला विचारून बाहेरच्या भिंतीला लागून करा, आणि एक गल्लीच्या टोकावरून. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर कापाकापीला पुरतं. गेम बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या आवाजाच्या बसवर (आवाज जिथून जातो त्या वाटेवर) तीव्र सूर अडवणारा लो-पास फिल्टर टाका आणि नायक आत-बाहेर जाईल तसा तो कमी-जास्त करा, पत्र्याची भिंत मध्ये असल्याचा भास लगेच होतो. सगळ्यात मोठा धक्का मात्र शांततेसाठी राखून ठेवा. माझ्या गेममध्ये माग फक्त तीनदा थांबतात.

सातवी पायरी: खेळणाऱ्याला भागीदार करा

मालकाचा प्रश्न गेमच्या पहिल्या दहा मिनिटांतच येतो, पण तेव्हा खेळणारा धागे जोडण्यात गुंतलेला असतो. एक जोडला की दुसरा तुटतो, कोपऱ्यात मजुरीचा आकडा फिरतोय, आणि मागून कोणीतरी विचारतं, "दांडी कोणी काढली?" 'बोला' असं बटण स्क्रीनवर आठ सेकंद असतं. जवळजवळ सगळे धागाच जोडत राहतात. म्हणजे गप्प अंबादास राहिला नाही, खेळणारा राहिला.

आणि कोणी खरंच 'बोला' दाबलं तर? गेम तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी जॉबर कामावर आलेला दिसतो, सुनंदाच्या डोळ्याला पट्टी आहे, अंबादास दाराबाहेर उभा आहे. दहा मिनिटांचा गेम. मित्रांनी हे काढायला सांगितलं, मी काढलं नाही. संधी खरी नसेल तर अपराधही खोटा ठरतो.

पुढचा हिशोब गुपचूप ठेवा. 'सायलेंट हिल २' असाच शेवट ठरवतो: तुम्ही कुठली वस्तू किती वेळा बघता, जखमी अवस्थेत किती वेळ फिरता, हे तो मोजतो आणि सांगत नाही. गोडोमध्ये एक ऑटोलोड स्क्रिप्ट, म्हणजे गेमभर चालू राहणारी स्क्रिप्ट, करा आणि त्यात तीनच आकडे ठेवा. माझे असे: दांडी किती वेळा वापरली, सुनंदाचं बोलणं किती वेळा मध्येच सोडलं, जॉबर समोर असताना किती वेळा पळालो. तीनपेक्षा जास्त ठेवले की शेवट का आला हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मराठी अक्षरांबद्दल थोडं, कारण इथे बरेच जण अडकतात. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, आधीच्या तीनमध्ये तुटायची. फाँट देवनागरीचा निवडून स्वतः जोडा, आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे आहेत का बघा. 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फाँट त्यासाठी चांगला आहे.

आठवी पायरी: दुसऱ्याला खेळवा आणि गप्प बसा

पाच जणांना एकेक करून बसवा. मागे बसा, काही सांगू नका, ते कुठे थांबतात ते लिहा. संपल्यावर दोनच प्रश्न विचारा: याने काय केलं होतं? तुम्ही त्याच्या जागी बोलला असता का? पहिल्याचं उत्तर पाचही जण एकाच शब्दांत देत असतील तर तुम्ही जास्त उघड केलंय. कोणालाच देता येत नसेल तर पहिल्या पायरीवर परत जा.

अपराधाची भावना काहींच्या घरात खरीखुरी मुक्कामाला असते. गेमच्या सुरुवातीला त्यात काय आहे ते साध्या शब्दांत सांगा आणि टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या. त्याने भीती कमी होत नाही.

शेवटची पायरी: वाक्य

पूर्ण गेममध्ये अंबादासचा आवाज एकदाच आहे. चौथ्या वेळी तो कारखान्यात येतो, जॉबर शेवटच्या मागापाशी वाकलेला असतो आणि न बघता हात पुढे करतो. "दांडी कुठाय रे?" खेळणारा दांडी देऊ शकतो किंवा दार उघडून निघून जाऊ शकतो. दिली तर जॉबर ती जागेवर बसवतो, माग थांबतो, आणि दारात सुनंदा उभी असते. आता तिचा चेहरा पूर्ण दिसतो.

ते चार शब्द रेकॉर्ड करायला मी नट शोधला नाही. गल्लीतल्या, आयुष्यभर माग चालवलेल्या एका काकांना विचारलं. आधी खोलीत बसवून म्हणायला लावलं, ते आकाशवाणीवर बोलल्यासारखं झालं. मग त्यांच्याच कारखान्यात, पाळी बदलताना माग बंद झाले तेव्हा, मोबाइल त्यांच्या हाताजवळ ठेवला. माग थांबल्यावर कान काही सेकंद बधिर असतात, माणूस आपोआप थोडं मोठ्याने बोलतो आणि लगेच दचकून आवाज खाली घेतो. काकांचं "दांडी मी" मोठ्याने आलं, "काढली होती" अगदी हळू. दुसरा टेक घेतला नाही.